ओटीवर बसायला वेळ काढा
कोकणात रुजू होणाऱ्या नव्या ऑक्युपेशनल थेरपिस्टांना खुलं पत्र

प्रिय मुलींनो आणि मुलांनो,

इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांचं शिक्षण संपवून तुमच्यापैकी काही जण या वर्षी आमच्या बाजूला येणार आहात. कुणी जिल्हा रुग्णालयात, कुणी मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, कुणी विशेष मुलांच्या शाळेत, तर कुणी स्वतःचा दवाखाना थाटायला. देवगड ते वेंगुर्ला या पट्ट्यात मी बावीस वर्षं हेच काम करते आहे. आमच्या वेळी नसलेलं बरंच काही तुम्ही शिकून येता, ते मला दिसतं आणि त्याचा आनंदही वाटतो. तरी दरवर्षी एक गोष्ट घडते. चांगली शिकलेली मुलगी येते, तपासणी चोख करते, व्यायामाचा तक्ता लिहून देते आणि तिसऱ्या खेपेनंतर तो माणूस यायचाच बंद होतो. मग फाइलवर शेरा पडतो, 'पेशंट अनियमित'. मीही तो शेरा खूपदा लिहिला आहे. हे पत्र त्या शेऱ्याबद्दल आहे.

घोटाळा आपल्या विषयाच्या नावापासूनच सुरू होतो. रोजची कामं माणसाला पुन्हा जमावीत म्हणून आपण उपचार करतो, पण सरकारी मराठीत आपण व्यवसायोपचार. ते ऐकून इथला माणूस विचारतो, धंद्यासाठी कर्ज मिळतं का? दवाखान्यात सगळे नुसतं 'ओटी' म्हणतात, आणि केसपेपरवरचं 'ओटी' वाचून कुणीतरी पेशंटला ऑपरेशन थिएटरच्या दाराशी नेऊन उभं करतं. माझ्याकडे एक आजी तिथूनच थरथरत आल्या होत्या. आपल्याला कापणार, एवढंच त्यांना कळलं होतं. इथे सुरी-कात्री नाही, हे त्यांना पटेपर्यंत दहा मिनिटं गेली. तेव्हा ती दहा मिनिटं मला वाया गेल्यासारखी वाटली. आज वाटतं, त्या दिवशी मी केलेलं उपयोगाचं काम तेवढंच होतं.

इथल्या घरांत ओटी म्हणजे काय हे तुम्हाला आल्याबरोबर कळेल. खळ्यातून पडवीत, पडवीतून ओटीवर. आल्यागेल्याला बसवतात ते ओटीवर. पाणी येतं, कुठल्या गावचे, कोणाचे कोण, याची विचारपूस होते. माजघर त्याच्या पुढे, आणि स्वयंपाकघर त्याच्याही पुढे. ओळखीशिवाय कुणी तिथपर्यंत जात नाही. आपले प्रश्न मात्र पहिल्याच दिवशी थेट माजघरात शिरतात. आंघोळ कोण घालतं? परसाकडे कसे जाता? लघवी झालेली कळते का? नवऱ्याजवळ झोपता का? हे प्रश्न विचारायलाच हवेत, त्यांच्याशिवाय आपलं काम होत नाही. पण ते आपण हातात फॉर्म धरून, तीन नातेवाइकांच्या देखत, अनोळखी माणसाला विचारतो. समोरचा मान खाली घालून 'हो', 'नाही' म्हणतो आणि आपण ते खरं धरून लिहून घेतो.

त्या आजींची गोष्ट पुरी सांगते, कारण माझी खरी शिकवणी तिथे झाली. त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. खांदा उतरलेला, बोटांत थोडी हालचाल, स्पर्श कमी. मी त्यांना प्लास्टिकचे शंकू एकावर एक रचायला दिले, फळीतल्या खुंट्या काढायला-घालायला दिल्या, दाबायला पिवळा चेंडू दिला. प्रत्येक गोष्टीला त्या 'बरा' म्हणाल्या. इथे मोठ्या माणसाच्या तोंडचा 'बरा' म्हणजे होकार असतोच असं नाही. पुष्कळदा तो 'तुझा मान राखते' एवढंच सांगतो. तीन खेपांनंतर त्या आल्या नाहीत.

दीडेक महिन्याने शेजारच्या वाडीत दुसऱ्या कामाला गेले होते, म्हणून त्यांच्याकडे डोकावले. सुनेने कोकम सरबत दिलं. मी ओटीवर बसले. हाताबद्दल विचारायची लाज वाटत होती, म्हणून पावसाचं बोलले, लावणी कुठवर आली ते विचारलं. बोलता बोलता वर बघितलं तर वाशाला अडकवून कापडात गुंडाळलेलं काहीतरी. खोवणीची विळी होती. 'सुनेन वर ठेवल्यान, माका लागात म्हणान,' आजी म्हणाल्या. आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, त्यांनी आपणहून सांगितलं, 'तू माका बॉल दिलंस. माका बॉल नको व्हतो, बाय. चवथीक मोदकांचा चून माझ्या हातचा व्हया.'

चून म्हणजे मोदकात भरायचं खोवलेलं खोबरं. चवथ अकरा आठवड्यांवर होती. विळीखाली रुंद फळी ठोकून घेतली, ती सरकू नये म्हणून खाली जुन्या टायरच्या ट्यूबचा तुकडा घातला. डाव्या हाताला स्पर्श कळत नव्हता, म्हणून जाड सुती हातमोजा दिला. पहिले पंधरा दिवस पातं झाकलेलं, नुसती कोरडी करवंटी धरून फिरवायची. चेंडू दहादा दाबताना कंटाळणाऱ्या आजी करवंटी स्वतः मोजून फिरवायच्या आणि मी थांबवलं तर रागवायच्या. आता एक गोष्ट नीट ऐका. मला सुनेवर राग येत होता. विळी वर टांगणारी तीच, असं माझ्या मनाने धरलं होतं. एकदा विहिरीवर ती एकटी भेटली तेव्हा कळलं, की आजी पडल्या त्या दिवशी घरात ती एकटीच होती आणि त्यानंतर तिला रात्री झोप लागत नव्हती. पुढच्या खेपेपासून पातं कधी उघडायचं हे आम्ही तिघींनी मिळून ठरवलं. चवथीचा अर्धा चून आजींनी खोवला, अर्धा सुनेने. डावा हात पुरता कधीच आला नाही. आजींची तक्रार नव्हती.

एडवर्ड बोर्डिन या मानसशास्त्रज्ञाने १९७९ साली उपचारातल्या नात्याचे तीन भाग मांडले. कुठे पोचायचं यावर दोघांचं एकमत, त्यासाठी रोज काय करायचं यावर एकमत, आणि दोघांमधला जिव्हाळ्याचा विश्वास. तुम्ही परीक्षेला लिहिलं असेल. माझं आणि आजींचं पहिल्या दोन गोष्टींवर बोलणंच झालं नव्हतं. मी गोड बोलत होते, आणि गोड बोलणं म्हणजे नातं अशी माझी समजूत होती. गोडव्याने माणूस दुसऱ्यांदा येतो. चौथ्यांदा, पाचव्यांदा येतो तो त्याचं स्वतःचं काम तिथे होत असेल तर.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० साली कमला निंबकर यांनी देशातली पहिली व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. जन्माने त्या अमेरिकन, एलिझाबेथ लुंडी. लग्न होऊन मराठी घरात आल्या. परक्या घरात येऊन तिथली रीत शिकलेल्या बाईने हा विषय आपल्याकडे रुजवला, हे मला फार मोलाचं वाटतं. काम हेच औषध, ही या विषयाची मुळातली श्रद्धा. पण कोणतं काम, हे ज्याच्या हाताचा प्रश्न आहे त्यालाच विचारावं लागतं. खुंट्यांची फळी माझ्या कपाटात होती म्हणून मी ती दिली. आजींच्या आयुष्यात ती कुठेच नव्हती.

विचारायचं कसं, याचं एक चांगलं साधन तुमच्या हाताशी आहे. कॅनडात १९९१ साली प्रसिद्ध झालेली ती मुलाखतीची पद्धत, जिच्यात माणूस स्वतःच आपली अडलेली कामं सांगतो, ती किती महत्त्वाची आहेत याला १ ते १० गुण देतो, मग त्यातली पाचापर्यंत निवडून आज ती किती जमतात आणि त्यावर आपण किती समाधानी आहोत, याचेही गुण देतो. काही आठवड्यांनी पुन्हा विचारायचं. दोन गुणांचा फरक म्हणजे खरा फरक, असं साधारण धरतात. ही पद्धत वापराच. पण इथल्या सत्तरीच्या माणसाला 'दहापैकी किती' विचारलं की तो तुमच्या तोंडाकडे बघतो आणि तुम्हाला बरं वाटेल तो आकडा सांगतो. मी आधी आण्यांत बोलते. 'पूर्वी सोळा आणे जमत होतं, तर आज किती आणे?' मग उत्तर खरं येतं. 'तीन आणे गो, ते पण सकाळचे.' त्या 'सकाळचे' शब्दात थकवा कधी येतो, गोळ्या कधी घेतात, हे सगळं आलं. गुण नंतर नियमाप्रमाणे पुन्हा विचारून लिहायचे. आणि मुदत सण-हंगामाने बोला. 'तीन महिन्यांत' म्हटलं तर कुणाला काही दिसत नाही. 'शिमग्याच्या पालखीपर्यंत', 'नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात जातील तोवर' म्हटलं की डोळ्यांसमोर उभं राहतं.

आता एक चूक सांगते, जी आठवली की अजून जीव कळवळतो. चाळिशीतले एक दादा, एप्रिलमध्ये आंबा काढताना कलमावरून पडले. पाठीचा कणा मोडला, कमरेखालचं गेलं. आपल्याकडे दर हंगामात कलमावरून आणि माडावरून माणसं पडतात. तुम्हाला असे पेशंट भेटणारच. मी जायचे ते उत्साहाने. अमक्याने व्हीलचेअरवर बसून दुकान टाकलं, तमका गाडी चालवतो, तुम्हीही कराल. तीन खेपा मी असं बोलत राहिले. तिसऱ्या खेपेला दादांनी तोंड भिंतीकडे वळवलं. त्यांची बायको खळ्यापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, 'ताई, तुम्ही गेल्यावर ते दिवसभर जेवत नाहीत.'

रेनी टेलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईने २००८ साली मांडलेल्या नात्याच्या प्रारूपात थेरपिस्टच्या वागण्याच्या सहा तऱ्हा आहेत. पेशंटची बाजू मांडणं, त्याच्या बरोबरीने ठरवणं, त्याचं मन समजून घेणं, धीर देणं, शिकवणं, आणि अडचणीतून वाट काढणं. प्रत्येकाची एखादी तऱ्हा स्वभावातच असते आणि ती आपण सगळ्यांवर वापरत सुटतो. माझी होती धीर देण्याची. दादांना त्या घडीला धीर नको होता. आपलं काय गेलं, हे कुणीतरी ऐकून घ्यायला हवं होतं. मी त्यांच्या दुःखावर दर खेपेला झाकण ठेवून येत होते.

चौथ्या खेपेला मी गेले आणि खुर्ची खाटेजवळ ओढून म्हटलं, 'दादा, तीन खेपा मी तुमचं न ऐकता बोलत राहिले. माझं चुकलं.' बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'पाय परत येतले काय, ता खरा सांगा.' डॉक्टरांनी त्यांना सांगितलेलं होतं. पण घरातलं प्रत्येक जण 'होईल, होईल' म्हणत होतं. मी म्हटलं, 'डॉक्टर म्हणाले तेच मलाही दिसतंय. चालणं परत येईल असं मी म्हणू शकत नाही. हातांनी काय काय करता येईल ते मात्र मला ठाऊक आहे, तुम्ही म्हणाल तेव्हा त्याचं बोलू.' ते रडले. मी बसून राहिले. त्या दिवशी व्यायाम काहीच झाला नाही. पुढच्या खेपेला त्यांनीच विचारलं, 'खळ्यात कसा जावचा?' चिऱ्याच्या दोन पायऱ्या होत्या, तिथे उतार करून घेतला. खाटेवरून खुर्चीत सरकायला गुळगुळीत फळी केली. दर अर्ध्या तासाच्या आत हातांवर भार देऊन बूड उचलायचं, रोज रात्री आरशात पाठ-कंबर बघायची, म्हणजे चट्टे पडायच्या आत कळतं, हे त्यांनी मग शिकून घेतलं. हेच सगळं मी पहिल्या खेपेलाही सांगितलं होतं. तेव्हा ते कानांपर्यंत पोचलं नव्हतं.

चूक कबूल केली तर आपलं वजन कमी होईल, अशी भीती तुम्हाला वाटेल. माझा अनुभव उलटा आहे. बिनसलेलं नातं सांधून घेतलं की ते आधीपेक्षा घट्ट होतं.

भाषेबद्दल थोडंसं. मालवणी येत नसेल तर खोटी बोलू नका. लोकांना ते लगेच कळतं. ऐकायला शिका आणि न कळलेलं पुन्हा विचारा. 'म्हणजे काय, सांगा ना' म्हटलं की म्हातारी माणसं खुलतात, कारण तेवढ्यापुरती ती शिकवणारी होतात. ज्यांची वाचा गेली आहे त्यांच्या वतीने घरची माणसं उत्तरं देतील. त्यांना थांबवा, आदराने. प्रश्न पेशंटकडे बघून विचारा आणि उत्तराची वाट बघा. मनातल्या मनात दहा अंक मोजा. हात लावण्याआधी प्रत्येक वेळी 'हात लावू का?' विचारा. पंचवीस वर्षांच्या मुलीने परक्या पुरुषाचा, किंवा मुलाने परक्या बाईचा हात धरणं इथे साधी गोष्ट नाही. आंघोळीचं, कपडे घालण्याचं शिकवायचं असेल तर सोबत कोण असावं, हे त्या माणसाने ठरवायचं.

काही घरी तुम्ही पोचायच्या आधी देवळात कौल लावून झालेला असेल. कुणी म्हणेल बाहेरची बाधा आहे. चेहऱ्यावर आठी आणू नका. तिथे तुमचं ठाम म्हणणं एकच असावं, रक्तदाबाच्या गोळ्या एक दिवसही बंद करायच्या नाहीत. बाकी गाऱ्हाणं घालायचं तर घालू देत. आणि वाडीत कुणाच्या घरचं दुसऱ्या घरी बोलू नका, चांगलंसुद्धा. एसटीच्या थांब्यावर 'त्या काकीचा हात कसा आहे?' असं सहज विचारतील. 'त्यांनाच विचारा हं' एवढं म्हणून विषय बदला. जमिनीच्या वाटणीच्या भांडणात तुम्हाला साक्षीदार करू बघतील, तिथून लांब राहा.

भेटींचं काय करायचं, हे तुम्ही नक्की विचाराल. पैसे घेऊ नका, कधीच. घरचा फणस, चार बांगडे, सोलं यांना नाही म्हटलं तर ते घर दुखावतं. घ्या, वरिष्ठांना सांगा, आणि ज्या घरून काही येत नाही तिथे एक मिनिटही कमी बसू नका. त्या आजींकडे शेवटच्या दिवशी सून माझी ओटी भरायला तांदूळ-नारळ घेऊन आली. आजी मागे सरकून बसल्या. त्या विधवा. त्यांच्या पिढीत अशा बाईने ओटी भरायची नसते. मी सुनेकडे बघितलं, तिने ताट आजींपुढे केलं. मी म्हटलं, 'आजी, तुमच्याच हातून.' त्यांनी उजव्या हाताने नारळ उचलला आणि डावा, आमचा तो अर्धवट आलेला हात, खाली आधाराला आणला. उपचारात शिकवलं होतं तसाच. थेरपिस्टने तटस्थ असावं हे मला मान्य आहे. त्या क्षणी मी तटस्थ नव्हते आणि त्याची मला खंत नाही.

मुलांबद्दल वेगळं पत्रच लिहावं लागेल. एवढंच सांगते, की २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम पालघरपासून सुरू झाला, तपासण्या वाढल्या, आणि पूर्वी घरातच राहिली असती अशी मुलं आता आपल्यापर्यंत येतात. त्यांच्याबरोबर येणारी आई बहुतेक वेळा घरातल्या सगळ्यांचे बोल ऐकून आलेली असते. तिला पहिल्या दिवशी गृहपाठ देऊ नका. मूल घरी कशात रमतं ते विचारा. पुळणीच्या वाळूत तासभर बसणारं मूल असेल तर ती वाळूच तुमची पहिली खोली.

आणि या मुलामुलींच्या वरच्या अधिकाऱ्यांनीही हे वाचावं, अशी कळकळीची विनंती आहे. पहिल्या भेटीला पाऊण तास-तास लागतो. तो द्या. मासिक अहवालात किती पेशंट तपासले याचा रकाना असतो. त्याच्या शेजारी 'कोणतं काम परत सुरू झालं' असा एक रकाना घाला. अकरा महिन्यांचा करार संपून थेरपिस्ट बदलतो, तेव्हा जुन्याने नव्याला घेऊन निदान एक एक भेट एकत्र करावी, एवढी तरतूद ठेवा. स्वमग्न मुलाला एका माणसाचं बोट धरायला सात-सात महिने लागलेले मी पाहिले आहेत. एका सकाळी ते बोट तिथे नसतं आणि त्या मुलाला कुणी काही सांगितलेलंही नसतं.

निरोपाबद्दल तुम्हालाही हेच सांगणं आहे. उपचार कधीतरी संपणार, हे पहिल्या महिन्यातच बोलून ठेवा. मग भेटी आठवड्याच्या पंधरवड्यावर न्या, पंधरवड्याच्या महिन्यावर. एकदम थांबलात तर माणसाला टाकून दिल्यासारखं वाटतं.

रुजू झालात की एक दिवस माझ्याबरोबर चला. कलमावरून पडलेले ते दादा आता बागायतदाराच्या शेडमध्ये आंब्याची प्रतवारी करून पेट्या भरतात. टेबल त्यांच्या खुर्चीच्या मापाचं करून घेतलं आहे, फळ हातात घेऊन वजन सांगतात. तुम्हाला काय विचारायचं ते त्यांनाच विचारा, मी मध्ये बोलणार नाही. फक्त एप्रिलमध्ये येणार असाल तर दुपारी जाऊ. सकाळी गाडी भरायची असते, तेव्हा त्यांना कुणाशी बोलायला फुरसत नसते.

तुमची,
सिंधुदुर्गातली एक थेरपिस्ट